थरमध्ये एकटीनं चार दिवस

मी सोलापूरची. वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून नान्नजच्या माळावर माळढोक बघितलेली. आता त्या माळावर माळढोक दिसला तर नशीबच म्हणायचं. देशात दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. तिथं त्याला गोडावण म्हणतात. तो बघायला म्हणून मी पहिल्यांदा थरमध्ये गेले, नंतर दोनदा नुसत्या वाळवंटासाठी गेले. तिन्ही वेळा एकटी. ज्यांना जायचंय आणि घरचे 'एकटी? वाळवंटात?' म्हणून अडवतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: फिरायचं नाही, राहायचं. चार दिवसांत किल्ला, हवेल्या, समच्या वाळूच्या टेकड्या, कुलधरा, तनोट, लोंगेवाला असं सगळं उरकायला गेलात तर वाळवंट गाडीच्या काचेतूनच दिसेल. पहिल्या वेळी मी तेच केलं. एका टूरवाल्यानं समच्या टेकड्यांवर तंबू दिला होता. रात्री उशिरापर्यंत डीजे, पहाटेपासून जीपची घरघर. दुसऱ्या वेळी एका ढाणीत सलग तीन रात्री राहिले. ढाणी म्हणजे आपली वाडी, चार-सहा घरांची. एकटं जाताना हेच सुरक्षितही असतं, कारण तुम्ही कुठं गेलात, कधी परत यायला हवं, हे कुणाला तरी माहीत असतं.

मुंबई-पुण्याहून जोधपूरला थेट गाड्या आहेत. पुढं जैसलमेरपर्यंत पाच-सहा तास. जैसलमेरला पहिली रात्र शहरातच काढा. हा दिवस वाया जात नाही. अंगाला कोरडी हवा समजते, सामान घेता येतं आणि हनुमान चौकातल्या बसवाल्यांकडून, चहावाल्यांकडून खरी माहिती मिळते. सोनार किल्ला संध्याकाळी बघून घ्या. 1156 साली रावळ जैसलनं बांधायला घेतलेला, आणि आत आजही माणसं नांदतायत. दुसऱ्या दिवशी खुरीकडे निघायचं. जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, रस्त्यानं पन्नास किलोमीटरच्या आत. खुरीलाही पर्यटक असतात, पण समइतकी गर्दी नाही, आणि आजूबाजूच्या ढाण्यांमध्ये राहण्याची सोय होते.

ढाणी ठरवताना मी फोनवर तीन प्रश्न विचारते. पाणी कुठून येतं? घरात बायका-मुलं राहतात का? रात्री दारात गाडी असते का? पहिल्याचं उत्तर 'भरपूर आहे, काळजी करू नका' असं आलं तर मी पुढं विचारते: टँकर, टांका (पावसाचं पाणी साठवायची टाकी) की नळ? ज्याला नीट सांगता येतं, त्याच्या घरी पाण्याचा हिशोब असतो. दुसरा प्रश्न बाई म्हणून. घरातल्या बाईशी दोन मिनिटं बोलायला मागते. नाही म्हणाले तर ते घर नको. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रात्री काही झालं तर जैसलमेरचं जवाहिर हॉस्पिटल गाठायला किती वेळ लागेल, हे गाडीवाल्याकडूनच ऐका. पोचल्यावर 112 आणि 108 हे आणीबाणीचे नंबर लागतात का, कुठल्या टेकाडावर रेंज येते, हेही बघून ठेवा. घरी भावाला मी रोज संध्याकाळी सातला एक मेसेज करते. दुसऱ्या सकाळी नऊपर्यंत काही आलं नाही तर त्यानं ढाणीवाल्याला फोन करायचा, असं ठरलेलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. माझी निवड फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा: दिवसा ऊन सोसतं, रात्री एक रजई पुरते. मात्र माघी पौर्णिमेच्या आसपास जैसलमेरला मरु महोत्सव असतो, ते दिवस टाळा. जानेवारीत पहाटे अंगातली हाडं वाजतात. हवा कोरडी, वर ढग नाही, त्यामुळं सूर्य गेला की वाळू भराभर गार होते. दुपारी पाय भाजणारी जागा रात्री नऊला फरशीसारखी थंड लागते. लोकरीची टोपी आणि पायमोजे घ्याच, पण लोकरीची शाल बाहेर फिरताना नको. कारण भुरट.

भुरट हे गवत आहे. त्याची बी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा काटेरी गोळा. फेब्रुवारीत तो वाळून वाळूवर पसरलेला असतो. कापडाला चिकटला की सुटत नाही, आणि बोटांनी ओढायला गेलात की काट्याची टोकं बोटातच मोडतात. मी पहिल्या दिवशी सुती सलवार घालून गेले आणि संध्याकाळी दिव्याखाली बसून तासभर घोट्याजवळचे गोळे वेचत होते. घरातली भाभीसा आली, माझ्या हातातली सलवार घेतली, उलटी केली आणि आतल्या बाजूनं बोटानं ढकलून एकेक गोळा बाहेर पाडला. ओढायचं नाही, ढकलायचं. दुष्काळात याच भुरटाचे दाणे कुटून भाकरी करत, असं ती सांगत होती. तेव्हा गुळगुळीत कापडाची पँट, घोटा झाकणारे बूट आणि एक बारीक चिमटा.

पाण्याचं गणित सोपं आहे. चालणार असाल तर दिवसाला चार लिटर फक्त पिण्यासाठी, आणि लिटरभर जास्तीचं, ज्याला हात लावायचा नाही. घाम येतो पण लागलीच सुकतो, म्हणून तहान कळत नाही. तासाला चार घोट प्यायचेच, ओआरएसची दोन पाकिटं खिशात. पण पाण्याची खरी गोष्ट बाटलीत नाही. इथं वर्षाला 200 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आणि खोलवरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट. तरी माणसं शेकडो वर्षं राहतायत ती बेऱ्यांवर. काही भागांत वाळूखाली जिप्समचा पट्टा असतो. पावसाची ओल वाळूतून झिरपते, या पट्ट्यावर अडते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. त्या ओलीत अरुंद तोंडाची विहीर खणायची, म्हणजे थेंब थेंब गोडं पाणी जमतं. ती बेरी. टांका वेगळा. तो पावसाचं वाहतं पाणी साठवतो, आणि ते पाणी जिथून येतं त्या झाडून स्वच्छ ठेवलेल्या अंगणाला आगोर म्हणतात. आगोरात चपला घालून जाऊ नका, थुंकू नका. माझ्याकडून नकळत पाय पडला तेव्हा घरातल्या आठ वर्षांच्या मुलीनं मला हाताला धरून बाजूला नेलं. आंघोळीचा हट्ट धरू नका, ओल्या कापडानं अंग पुसलं की चालतं. इथल्या बायका ताट राखेनं आणि कोरड्या वाळूनं घासतात. ते ताट स्वच्छ असतं, तोंड वाकडं करू नका.

रात्री खाटेवर झोपा. वाळूवर गादी टाकून ताऱ्यांखाली झोपायची हौस मलाही होती. इथल्या मण्यारीच्या भाऊबंदाला गावाकडे पीवणा म्हणतात. तो झोपलेल्या माणसाचा श्वास पितो, अशी समजूत आहे. खरं कारण असं की मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा दुखत नसल्यानं सकाळपर्यंत कळत नाही. फुरसंही इथं आहे, आपल्या कोकणातल्यापेक्षा अंगानं मोठं. थंडीत साप बहुतेक बिळात असतात, मार्चपासून बाहेर पडतात. पण सवय बारा महिन्यांची हवी: खाट, गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, बूट खाटेच्या पायावर उलटे, उठताना आधी टॉर्च. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी काही नाही. तो हात किंवा पाय हलू न देता सरळ हॉस्पिटल.

सकाळच्या विधीसाठी घरात सोय नसेल तर भाभीसाबरोबर उजाडायच्या आत जा. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. छोटं खुरपं जवळ ठेवा. पाळी असेल तर पॅड वाळूत पुरू नका, वारा ते उघडं करतो. पिशवीत बांधून शहरात आणा.

चालताना टेकडीचा स्वभाव ओळखा. वारा ज्या बाजूनं येतो तो उतार लांब आणि घट्ट, पाय रुतत नाही. पलीकडची बाजू उभी आणि भुसभुशीत. चढताना घट्ट बाजूनं, नाहीतर धारेवरून. एकदा मी ढाणीपासून तीन टेकड्या ओलांडून सूर्यास्त बघत बसले. परतायला उठले तर माझी पावलं नव्हती. तासाभराच्या वाऱ्यानं सगळं पुसून टाकलं होतं, आणि तिन्ही टेकड्या एकसारख्या. फोनची बॅटरी संपत आलेली. मी खाली बसले, पाणी प्यायले आणि अंधार पडू दिला. ढाणीतून निघताना सूर्य उजव्या कानशिलावर होता, म्हणजे मी दक्षिणेला आले होते. परत जायचं तर ध्रुवाकडे तोंड. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश मोजते. सोलापुरात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्याही खाली असतो, इथं पावणेतीन मुठी वर. तो नेमका धरून चालले. दुसऱ्या टेकडीच्या धारेवर आले आणि ढाणीतला सौरदिवा दिसला. भाभीसा अंगणाच्या टोकाला कंदील घेऊन उभी होती. "बाईसा, दिवा दिसेनासा झाला की वळायचं," एवढंच म्हणाली. तोच नियम मी आता पाळते. ढाणी किंवा तिचं झाड नजरेआड होईल इतकं एकटीनं जायचं नाही. त्यापुढं जायचं तर घरातलं कुणीतरी आणि उंट बरोबर. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, तेव्हा मागं रेला. बसताना आधी पुढचे दुमडतो, तेव्हाही मागंच.

गोडावणासाठी एक सकाळ राखून ठेवा. डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या सुदासरीला जायची वनखात्याची परवानगी जैसलमेरहून घ्या, दुर्बीण घ्या, उजाडताना तिथं असा. मला तो दिसला तेव्हा आधी सेवण गवताच्या वर नुसती पांढरी मान दिसली, डोक्यावर काळी टोपी. तो एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मान फिरवायचा, पुन्हा एक पाऊल. वडील सायकल थांबवून जे दाखवायचे, ते हेच. मी दहा मिनिटं हललेच नाही. जवळ जायचा मोह आवरा, गाडीवाल्याला रस्ता सोडायला सांगू नका. हा पक्षी जड, आणि त्याला समोरचं नीट दिसत नाही. उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. येताना-जाताना तारांची ती जाळी दिसेलच.

सरहद्द जवळ आहे हे विसरू नका. सरहद्दीजवळच्या तनोटच्या देवळाला जायला आपल्याला परवानगी लागत नाही, सीमेपर्यंत जायचं तर सीमा सुरक्षा दलाची लागते. ड्रोन घरी ठेवा. जवान, चौक्या, वाहनं यांचे फोटो नकोत. परदेशातून येणाऱ्यांनो, सॅटेलाइट फोन आणू नका. आपल्या देशात विनापरवाना तो जवळ ठेवणं गुन्हा आहे. ऑनलाइन पैसे रेंजवर अवलंबून, म्हणून पन्नास-शंभरच्या नोटा बाळगा.

जेवायला सोगरा मिळेल, म्हणजे आपली बाजरीची भाकरीच, पण जाड. बरोबर कढी, लसणाची चटणी, केर-सांगरी. केर म्हणजे एका काटेरी झुडपाची छोटी फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. पाहुण्याला अफू पुढं करायची जुनी रीत काही घरांत अजून दिसते. हात जोडून 'मला नको' म्हणा, कुणी रागावत नाही. गावाजवळ झाडांचा राखलेला पट्टा दिसला तर ते ओरण, त्यांची देवराई. तिथली काटकीही उचलू नका.

निघायच्या सकाळी बॅग भरण्याआधी सगळे कपडे अंगणात उलटे करून झटका. शालीत, मोज्यांत, बॅगेच्या चेनमध्ये भुरटाचे गोळे असतातच. बी आहे ते, आपल्या माळावर नको यायला. चुलीत टाका आणि मग बॅग बंद करा.