मोटारसायकलची टाकी आतून सील करण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात पावसाळा ओसरू लागला की जुन्या मोटारसायकलींची एक ठरावीक तक्रार ऐकू येते. गाडी झटके घेते, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर (राखीव पेट्रोलवर) फिरवला की काही अंतरावर बंद पडते आणि कार्बोरेटर उघडल्यावर तळाच्या वाटीत तांबूस गाळ सापडतो. रिझर्व्हवरच त्रास होण्याचे कारण सोपे आहे : मुख्य पुरवठ्याची नळी टाकीत उंच उभी असते, तर रिझर्व्हचे पेट्रोल अगदी तळातून, म्हणजे पाणी आणि गंज जिथे साठतात तिथूनच ओढले जाते. या टप्प्यावर बहुतेकांना टाकीला आतून लेप देऊन ती सील करण्याचा सल्ला मिळतो. माझे मत असे आहे की गळत नसलेल्या टाकीला हा लेप देऊच नये, कारण एकदा दिलेला लेप काढणे हे गंज काढण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

पहिली चूक म्हणजे टाकी न पाहताच निर्णय घेणे. पेट्रोल पूर्ण काढून, टाकी उतरवून, मोकळ्या हवेत वाफ जाऊ दिल्यानंतर मोबाइलच्या उजेडात आत नीट पाहावे आणि बाहेरून तळाच्या जोडावर रंगाला फुगे आले आहेत का ते तपासावे, कारण तो गंज बहुधा आतून बाहेर आलेला असतो. भिंतीवर नुसती तांबूस झाक असेल तर साफसफाई पुरेशी आहे. पत्रा बोटाने दबत असेल किंवा जोडाच्या रेषेत अनेक ठिकाणी पाझर असेल, तर लेपही उपयोगाचा नाही. पत्रा बदलणे किंवा दुसरी टाकी शोधणे हाच मार्ग उरतो. लेपाला खरी जागा आहे ती या दोहोंच्या मध्ये, म्हणजे पत्रा मजबूत आहे पण सुईच्या टोकाएवढी एक-दोन भोके पडली आहेत अशा वेळी. अशा भोकावर कपडे धुण्याचा साबण चोळून घरापर्यंत पोहोचता येते, पण तो उपाय तेवढ्यापुरताच समजावा.

दुसरी चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे पाणी आले कुठून हे न शोधणे. अनेक गाड्यांत झाकणाभोवतीच्या खळग्यातले पावसाचे पाणी खाली सोडण्यासाठी एक बारीक नळी टाकीतून आरपार गेलेली असते. सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत ती मातीने तुंबते, खळग्यात पाणी साचते आणि कडक झालेल्या रबरी वायसरमधून थेट पेट्रोलमध्ये उतरते. दोन मिनिटांत तारेने मोकळी होणारी ही नळी तशीच तुंबलेली ठेवून हजारो रुपयांचा लेप दिला, तरी पाणी येतच राहणार. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचे अल्कोहोल, असते. ते ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी सामावून घेते, पण त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कॉकच्या तोंडापासून गंज सुरू होतो तो यामुळेच.

इथेनॉलचा प्रश्न लेपाशीही जोडलेला आहे. अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या रेझिनवर आधारलेले जुन्या धाटणीचे लेप या पेट्रोलमध्ये मऊ पडून सुटतात. मी विकत घेतलेल्या एका जुन्या राजदूत मोटारसायकलच्या टाकीत आधीच्या मालकाने असाच लेप दिला होता. त्याचे कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे कॉकच्या जाळीवर बसत आणि दर आठवड्याला टाकी उतरवावी लागे. तो लेप खरवडून काढायला लागलेले दिवस आठवले की आजही वाटते, आधी त्याला कोणीतरी थांबवायला हवे होते. लेप द्यायचाच असेल तर इथेनॉल सहन करणारा, दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी लेपच निवडावा आणि डब्यावरचे प्रमाण व सुकण्याचा काळ तंतोतंत पाळावा.

लेप सुटण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे त्याखालची ओल आणि गंज. नटबोल्ट किंवा साखळी टाकून हलवल्याने सुटा गंज निघतो; उरलेल्यासाठी सौम्य फॉस्फरिक आम्ल बरे. संडास साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल झटपट काम करते खरे, पण ते चांगला पत्राही खाते, बाहेर ओघळले तर रंग घालवते आणि धुतल्यानंतर ओलसर हवेत काही मिनिटांतच नवा गंज आणते. आम्लानंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि लगेच पूर्ण वाळवावे. इपॉक्सीला दमट हवा मानवत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात हे काम काढूच नये. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा त्यासाठी योग्य. लेप ओतल्यावर टाकी सर्व बाजूंनी फिरवून जास्तीचा लेप ओतून काढणेही आवश्यक आहे, नाहीतर तळाशी जाड थर साचतो, तो आतून कच्चा राहतो आणि कॉकचे आटे बुजवतो. इंधन पंप टाकीच्या आत असलेल्या नव्या गाड्यांत हा उद्योग करू नये; पंपाच्या बैठकीवर लेप चढला की तिथूनच गळती सुरू होते.

एका बाबतीत मात्र जराही सूट नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण हवेत जेमतेम दीड टक्का पेट्रोलची वाफ असली तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून वाळवण्यासाठी ज्योत किंवा हीट गन वापरू नये, आणि वेल्डिंगचे काम टाकीतली वाफ पूर्ण घालवण्याची पद्धत जाणणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. वापरलेले आम्ल व गाळाचे पेट्रोल गटारात ओतू नये. आपल्याकडची गटारे आणि नाले अखेर ठाणे खाडीत उतरतात, आणि तिथले फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. आम्ल सोड्याने शमवावे आणि गाळाचे पेट्रोल धातूच्या बंद डब्यात भरून जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्यावे.

साफ केलेली टाकी गाडी रोज वापरात असेल तर पावसाळ्यात शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. महिनोन्महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल पूर्ण काढून आत थोडे इंजिन ऑइल फिरवावे आणि पुन्हा पेट्रोल भरण्याआधी ते ओतून टाकावे.