विंडोजच्या सर्च बॉक्समधलं बिंग बदलायचंय? आधी या चुका टाळा

क्रोममध्ये सर्च इंजिन गूगल आहे, डिफॉल्ट ब्राउजरही क्रोमच आहे, आणि तरी टास्कबारवरच्या सर्च बॉक्समध्ये ‘पुणे सातारा एसटी वेळापत्रक’ टाइप करून एंटर मारलं की मायक्रोसॉफ्टचा ब्राउजर एज उघडतो आणि समोर त्यांचंच सर्च इंजिन बिंग येतं. आपलंच सेटिंग चुकलं असेल असं वाटून माणूस पुन्हा क्रोमच्या सेटिंगमध्ये जातो. तिथे गूगलच दिसतं. मग व्हिडिओत जे सापडेल ते करून बघायला सुरुवात होते आणि कॉम्प्युटरचं खरं नुकसान इथून पुढे होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. भारतातल्या विंडोज १० आणि ११ मध्ये या बॉक्ससाठी वेगळं सर्च इंजिन निवडायचा पर्यायच नाही. तो सेटिंगमध्ये कुठे खोल दडलेला नाही, दिलेलाच नाही. त्यामुळे हातात दोनच गोष्टी उरतात: बॉक्समधला वेबचा भाग बंद करणं, आणि वेबवर शोधायला दुसरी जागा वापरणं. आमच्या मते दोन्ही करावं.

चूक कुठे होते: ब्राउजर बदलला म्हणजे बॉक्स बदलला, असं वाटणं

सर्च बॉक्स तुमचे शब्द ब्राउजरच्या हाती देत नाही. तो बिंगच्या निकालाचा अख्खा पत्ता स्वतःच तयार करतो आणि त्याच्या पुढे नेहमीच्या ‘एचटीटीपीएस’ऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ असं जोडतो. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारी लिंक डिफॉल्ट ब्राउजरकडे जाते. ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ने सुरू होणारी मात्र थेट एजकडे जाते, डिफॉल्ट ब्राउजर कोणता, हे तिथे विचारलंच जात नाही. एजमध्ये गूगल डिफॉल्ट करूनही बॉक्समधून बिंगच का येतं, याचं उत्तरही हेच. एजच्या हातात पत्ता पडतो तेव्हा तो आधीच बिंगचा ठरलेला असतो.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा बॉक्समधली लिंक डिफॉल्ट ब्राउजरमध्ये उघडायची, आणि ब्राउजरमधलं एखादं एक्स्टेन्शन बिंगचा पत्ता पकडून गूगलकडे वळवायचं. एप्रिल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा शोध एज आणि बिंगपुरताच मर्यादित केला. पुढे एजडिफ्लेक्टर नावाचं छोटं सॉफ्टवेअर ‘मायक्रोसॉफ्ट-एज’वाल्या लिंक स्वतःकडे घेऊन डिफॉल्ट ब्राउजरला द्यायचं. २०२१ च्या शेवटी विंडोज ११ मध्ये तीही वाट बंद झाली. त्या काळातले लेख आणि व्हिडिओ अजून वरच्या निकालांत येतात, म्हणून कुठलीही युक्ती करण्याआधी तारीख बघा. बिंगवरून गूगलकडे वळवणारं क्रोमचं एक्स्टेन्शन आज टाकून काही होत नाही, कारण लिंक क्रोमपर्यंत पोचतच नाही.

एजमध्ये अर्धंच सेटिंग बदलणं

बॉक्सवर परिणाम होत नसला तरी एज वापरणाऱ्यांनी त्यातलं इंजिन नीट बदलून घ्यावं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी, सर्च अँड सर्व्हिसेस’ आणि त्यात ‘अ‍ॅड्रेस बार अँड सर्च’ उघडा. आवृत्तीनुसार नावं थोडी सरकतात, तेव्हा सेटिंग्जच्याच शोधपट्टीत ‘सर्च इंजिन’ लिहिलेलं बरं. यादीत गूगल दिसत नसेल तर त्याच एजमध्ये गूगलचं पान उघडून काहीतरी एकदा शोधा आणि परत या. हाताने भरायचं असेल तर पत्त्यात जिथे शोधशब्द यायचा तिथे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान लिपीतला एस लिहा. ते राहिलं तर तुमचे शब्द जायला पत्त्यात जागाच उरत नाही.

इथे एक सेटिंग हमखास राहतं. अ‍ॅड्रेस बारचं इंजिन गूगल केलं तरी नव्या टॅबच्या मधोमध दिसणारी शोधपट्टी बिंगकडेच जाते. त्याच पानावर ‘सर्च ऑन न्यू टॅब्ज’ असा वेगळा पर्याय आहे. तिथे ‘सर्च बॉक्स’ काढून ‘अ‍ॅड्रेस बार’ निवडायचं. ‘बदललं तरी परत बिंग आलं’ या तक्रारीत पुष्कळदा एवढंच असतं.

इंजिन खरोखरच आपोआप बदलत असेल, किंवा निकाल भलत्याच पत्त्यावरून फिरून याहूवर येत असतील, तर दोष विंडोजचा नाही. एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि जे ओळखीचं नाही ते काढा. घरच्या कॉम्प्युटरवर ब्राउजर ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दाखवत असेल तर संशय पक्का धरा. अँटिव्हायरसमुळेही ही ओळ कधीकधी दिसते, पण तिथे थांबून तपासलंच पाहिजे.

रजिस्ट्रीत बरोबर नाव, चुकीच्या जागी

वेबचा भाग बंद करायचा खात्रीचा उपाय रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज साठवली जातात त्या यादीत) आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. सुरुवात अशी: विंडोज बटण आणि आर एकत्र दाबा, ‘रेजएडिट’ इंग्रजीत लिहा, एंटर. डाव्या बाजूच्या झाडात क्रमाने एच-की करंट युजर, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज असं उतरत जा. विंडोजवर थांबून आधी ‘फाइल’ मेनूतल्या ‘एक्स्पोर्ट’ने एवढ्याच फांदीची प्रत डेस्कटॉपवर ठेवा. मग विंडोजच्या आत ‘एक्स्प्लोरर’ नावाची की (फोल्डरसारखी नोंद) आहे का बघा. नसेल तर विंडोजवर राइट क्लिक, न्यू, की, आणि नाव द्या एक्स्प्लोरर. ती निवडून उजव्या मोकळ्या जागेत राइट क्लिक, न्यू, ‘डीवर्ड ३२-बिट व्हॅल्यू’. या व्हॅल्यूचं नाव म्हणजे डिसेबल, सर्च, बॉक्स आणि सजेशन्स हे चार इंग्रजी शब्द, मध्ये एकही जागा न सोडता. त्यावर डबल क्लिक करून आकडा १ करा. हेक्स की डेसिमल याचा विचार करत बसू नका, १ दोन्हीकडे १ च.

आता चुकतं कुठे? मायक्रोसॉफ्टच्या खाली विंडोज, करंट व्हर्जन, एक्स्प्लोरर अशी दुसरी एक वाट आहे आणि नावं सारखी असल्याने लोक तिथे जाऊन बसतात. आपल्याला हवी ती वाट ‘पॉलिसीज’मधून जाते. सजेशन्समधला शेवटचा एस विसरला तर रजिस्ट्री तक्रार करत नाही, कारण तिला हवं ते नाव ठेवता येतं. फक्त विंडोज ते वाचत नाही. लहानमोठ्या लिपीने मात्र फरक पडत नाही. आपली विंडोज ६४-बिट आहे म्हणून काही जण क्यूवर्ड व्हॅल्यू बनवतात. तेही चूक, इथे ३२-बिट डीवर्डच लागते. जुन्या लेखांत ‘बिंग सर्च एनेबल्ड’ नावाची व्हॅल्यू शून्य करायला सांगतात. ती विंडोज १० च्या जुन्या आवृत्त्यांसाठी होती. ‘२००४’ या आवृत्तीपासून (हे साल नव्हे, आवृत्तीचा क्रमांक) वर सांगितलेली व्हॅल्यू वापरायची.

घरात एकच कॉम्प्युटर आणि दोन-तीन अकाउंटं असतील तर आणखी एक खाच आहे. मुलीचं अकाउंट साधं, बाबांचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. मुलीच्या अकाउंटमधून रेजएडिट उघडतं, पण ‘पॉलिसीज’खाली काही बनवायला गेलं की एरर येतो, कारण साध्या अकाउंटला तिथे लिहायची परवानगी नसते. मग ती रेजएडिटवर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून बाबांचा पासवर्ड टाकते. या वेळी सगळं विनातक्रार होतं, आणि तिच्या बॉक्समध्ये बिंग तसंच राहतं! कारण आता समोर दिसणारं ‘करंट युजर’ तिचं नसून बाबांचं आहे. बदल झाला तो बाबांच्या अकाउंटमध्ये. यावर उपाय: तिच्याच अकाउंटमध्ये साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हू-अ‍ॅम-आय’ ही कमांड (इंग्रजीत एकच सलग शब्द) ‘स्लॅश युजर’ जोडून चालवायची. एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक मिळतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या रेजएडिटमध्ये ‘एच-की युजर्स’खाली तोच क्रमांक शोधून त्याच्या आत सॉफ्टवेअरपासून पुढची वाट धरायची.

व्हॅल्यू बनवल्यावर लगेच काही दिसलं नाही म्हणून ती पुसून पुन्हा बनवू नका. टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्स्प्लोरर’ रीस्टार्ट करा. त्याने नाही झालं तर साइन आउट करून परत या. तपासायला कॉम्प्युटरवर नसलेलाच एखादा शब्द टाका. वेबचे निकाल सुचवणारी ओळ आली नाही की काम झालं. याची एक किंमत आहे: फाइल एक्स्प्लोररच्या शोधपट्टीत आधी शोधलेले शब्द सुचायचे, ते आता सुचत नाहीत. पुन्हा सगळं हवं असेल तर ती एक व्हॅल्यू डिलीट करायची.

प्रो आवृत्तीत हेच काम ग्रुप पॉलिसीतून (विंडोजचे नियम ठरवायच्या सोयीतून) होतं. युजर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, फाइल एक्स्प्लोरर या वाटेवर ‘टर्न ऑफ डिस्प्ले ऑफ रीसेंट सर्च एंट्रीज’ असं सुरू होणारं नाव आहे. नावावरून त्याचा बिंगशी संबंध कुणाला कळणार नाही, पण ते ‘एनेबल्ड’ केलं की तीच व्हॅल्यू लिहिली जाते. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा एडिटर नसतो. तो घुसवणाऱ्या बॅच फाइली डाउनलोड करायचं काही कारण नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र यातलं काहीही आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय करू नका.

देश बदलून बघणं

युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मायक्रोसॉफ्टला २०२४ मध्ये विंडोज सैल करावं लागलं. युरोपियन इकॉनॉमिक एरियातल्या कॉम्प्युटरवर सर्च बॉक्समधलं बिंग काढता येतं आणि दुसऱ्या कंपनीचं अ‍ॅप वेब सर्च पुरवू शकतं. हे ऐकून लोक सेटिंग्जमध्ये देश आयर्लंड करतात. काही होत नाही, उलट स्टोअर विस्कटतं. ही सोय ठरते ती विंडोज पहिल्यांदा सेटअप करताना निवडलेल्या देशावरून, आणि तो निर्णय बदलायला कॉम्प्युटर रीसेट करावा लागतो. सर्च बॉक्ससाठी एवढं करू नये. विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमधली देशांची यादी असलेली जेसन फाइल बदलायला सांगणारेही आहेत. तिची मालकी हिसकावून घेतल्याशिवाय तिला हात लावता येत नाही, आणि एवढंच कारण ती सोडून द्यायला पुरेसं आहे.

डब्लिन किंवा म्युनिकला राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथे घेतलेल्या लॅपटॉपवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’तलं ‘सर्च’ उघडून बघावं. भारतातून नेलेल्या, भारत निवडून सेटअप केलेल्या लॅपटॉपवर ते नसेल. लंडन आणि झुरिक या एरियात येत नाहीत.

एजच उडवून टाकणं

प्रोग्राम फाइल्समधलं एजचं फोल्डर डिलीट केलं तर बॉक्समधून क्रोम उघडत नाही, काहीच उघडत नाही. शिवाय पुढच्या अपडेटला एज परत येतोच. त्याच झाडाझडतीत शेजारचं वेबव्ह्यू२ (इतर सॉफ्टवेअरना आत वेबपानं दाखवायला लागणारा भाग) उडालं तर विजेट्स, नवं आउटलुक आणि टीम्सही रुसतात. होस्ट्स फाइलमध्ये (कुठला वेबपत्ता कुठे न्यायचा हे ठरवणाऱ्या विंडोजच्या फाइलमध्ये) बिंग अडवणं म्हणजे बिंगच्या जागी ‘पान सापडलं नाही’ बघणं. एमएसएजरीडायरेक्टसारखी, लिंक डिफॉल्ट ब्राउजरकडे वळवणारी सॉफ्टवेअरं अजून चालतात, पण ती एज सुरू होण्याच्याच क्षणी मध्ये पडतात. अँटिव्हायरसला असा प्रकार आवडत नाही, आणि मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा तपासावी लागतात. ज्याला हे सांभाळायचा कंटाळा नाही त्यानेच वापरावीत.

मग वेबवर शोधायचं कुठून?

काहीही इन्स्टॉल न करता: तुमचा ब्राउजर टास्कबारवर पिन करून सगळ्यात डावीकडे आणा. विंडोज बटण आणि १ दाबलं की तो उघडतो, कंट्रोल आणि एल दाबलं की कर्सर अ‍ॅड्रेस बारमध्ये जातो. बहुतेकांना एवढं पुरतं.

बॉक्सच हवा असेल तर मायक्रोसॉफ्टचंच मोफत पॉवरटॉइज (छोट्या साधनांचा संच) स्टोअरमधून घ्या. त्यातलं कमांड पॅलेट चालू असलं की विंडोज, ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबून पट्टी उघडते. आधी दोन प्रश्नचिन्हं आणि मग शब्द लिहिले की शोध तुमच्या डिफॉल्ट ब्राउजरमधून जातो, म्हणजे तिथे गूगल असेल तर गूगल, डकडकगो असेल तर डकडकगो. मराठी कीबोर्ड लावून देवनागरीतही शोधता येतं.

वेब बंद केल्यावर ‘आता फाइलीही सापडत नाहीत’ अशी तक्रार येते. फाइली आधीही सापडत नव्हत्या, त्यांची जागा वेबच्या निकालांनी भरलेली असायची. ‘सर्चिंग विंडोज’ (नव्या विंडोज ११ मध्ये नुसतं ‘सर्च’) या सेटिंगमध्ये ‘क्लासिक’ निवडलेलं असतं तेव्हा डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढ्यांचीच नोंद ठेवली जाते. तुमची बिलं डी ड्राइव्हवर असतील तर त्याच पानावर ते फोल्डर जोडा किंवा ‘एनहान्स्ड’ निवडा, आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. ही नोंद (इंडेक्स) पूर्ण व्हायला फाइलींच्या संख्येनुसार काही तासही लागतात, आणि तोवर निकाल अर्धवटच येतील.