दुःखातला तपास अधिकारी आणि मालिका-खुनी : कादंबरीची बांधणी कशी करावी

गुन्हेगारी थरारकादंबरीत तपास करणाऱ्या माणसाच्या वाट्याला एखादा जवळचा मृत्यू देण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की, तो मृत्यू कथेत नेमके कोणते काम करतो हे अनेक लेखक तपासूनही पाहत नाहीत. पहिल्या प्रकरणात रिकामे घर येते, भिंतीवरचा फोटो येतो, उडालेली झोप येते. पहिले प्रेत सापडले की हे सगळे मागे पडते आणि पुढचा तपास कोणत्याही दुसऱ्या अधिकाऱ्याने केला असता तसाच होतो. म्हणून कथानक हाती घेतल्यावर आधी एक परीक्षा करावी. नायकाचे दुःख कथेतून पूर्णपणे वगळून पाहावे. तरीही खुनी त्याच दिवशी, त्याच पुराव्यावर सापडत असेल, तर ते दुःख कथेत अजून आलेलेच नाही असे समजावे आणि लिहायला बसू नये.

माझे म्हणणे असे आहे की, शोकाने तपासात दोन ठिकाणी हात घातला पाहिजे. एका ठिकाणी त्याच्यामुळे अधिकाऱ्याला असे काही दिसले पाहिजे जे सहकाऱ्यांना दिसत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्यामुळेच असे काही दिसेनासे झाले पाहिजे जे इतर कोणालाही दिसले असते. खुनी कोण, त्याची पद्धत कोणती, शेवट कुठे होतो, हे सगळे या दोन जागा पक्क्या झाल्यावर ठरवावे.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. तपास अधिकारी एक स्त्री आहे. तिच्या पतीला पक्षाघात झाला, उजवी बाजू निकामी झाली आणि दोन वर्षे अंथरुणावर काढून आठ महिन्यांपूर्वी तो गेला. तिच्या हद्दीत एकटा राहणारा एक वृद्ध मृतावस्थेत सापडतो. वय झालेले, आजार जुना, दाराला जबरदस्तीची खूण नाही. मृत्यू नैसर्गिक मानून सगळे निघायच्या तयारीत असतात. तिला मात्र दिसते की, मृताच्या लुळ्या मनगटाखाली टॉवेलची घडी ठेवलेली आहे आणि पाण्याचा पेला त्याच्या चांगल्या हाताच्या बाजूला, नळी तोंडाकडे वळवून ठेवला आहे. त्या हाताखाली ती घडी त्याला स्वतःला अशी नीट घालता आली नसती, हे तिला ठाऊक आहे, कारण दोन वर्षे रोज रात्री ती घडी तिने स्वतः घातलेली आहे. म्हणजे शेवटच्या तासात या खोलीत शुश्रूषा जाणणारे कोणीतरी होते. ही झाली पहिली जागा.

दुसरी जागा अधिक कठीण आणि अधिक मोलाची. पतीचा प्राण गेला तेव्हा ती कामावर होती. जवळ होता तो घरी येणारा परिचारक. ‘त्यांना त्रास झाला नाही, झोपेतच गेले’ हे त्याचे वाक्य हीच तिच्याजवळची पतीच्या शेवटच्या क्षणांची एकमेव नोंद आहे. संशयितांची यादी करताना ती या माणसाचे नाव लिहीत नाही. तिने ते मुद्दाम लपवलेले नसते. ते नाव तिच्या मनात त्या यादीच्या जवळपासही येत नाही, कारण त्याच्यावर शंका घ्यायची तर ते वाक्यही हातचे सोडावे लागेल. वाचकासमोर मात्र सगळे उघडे ठेवावे. परिचारक दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच यावा, त्याचे हात दिसावेत, टॉवेलची घडी घालण्याची त्याची सवय एका साध्या वाक्यात येऊन जावी. चाणाक्ष वाचकाला तिच्याआधी कळले तरी बिघडत नाही. उलट ती कधी पाहील, या वाट पाहण्यातच खरा ताण आहे.

शोकाचे चित्रण करताना पाच टप्प्यांचा आराखडा जसाच्या तसा वापरणे टाळावे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार हे टप्पे मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आले होते. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. त्यांच्या आधाराने कादंबरी रचली की प्रत्येक भागाला एक भावना वाटून दिल्यासारखे होते आणि ‘स्वीकार’ नेमका खुनी पकडला जाण्याच्या दिवशी येतो, जे कोणालाही खरे वाटत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेले दुहेरी प्रक्रियेचे प्रारूप लेखकाला कितीतरी अधिक उपयोगी पडते. शोकातला माणूस एकीकडे गमावलेल्याकडे ओढला जातो आणि दुसरीकडे बदललेल्या आयुष्याची कामे उरकत असतो. या दोहोंमध्ये त्याची सतत ये-जा चालू असते आणि ही ये-जा विकृती नसून निरोगी शोकाचाच भाग आहे. तपासाचे काम या ये-जा करण्याला फार सोयीचे आहे. सकाळी ती नकाशावर खुणा करते, दुपारी निवृत्तिवेतनाच्या अर्जावर ‘वैवाहिक स्थिती’च्या रकान्यापाशी थांबते, संध्याकाळी पुन्हा नकाशाकडे वळते. तिला रडताना दाखवण्याची गरज पडणार नाही.

शोकात झोप बिघडते, लक्ष विचलित होते, विसरभोळेपणा येतो, चिडचीड वाढते. हे केवळ वर्णनात न ठेवता त्याचे परिणाम कागदावर उतरवावेत. समजा, पुराव्याची पिशवी मोहोरबंद करताना तिने वेळ लिहिलीच नाही. त्या क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही. पण वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची अखंड नोंद नसेल तर बचाव पक्ष त्या पुराव्यावरच बोट ठेवतो, आणि दोनशे पानांनंतर तो टॉवेल खटल्यात डळमळीत होतो. दारूच्या बाटलीने जे सांगता येत नाही ते या रिकाम्या रकान्याने सांगता येते.

आता खुनी. मालिका-खुनी म्हणजे नेमके काय, याचे उत्तर लेखकाला रचनेतही मदत करते. अमेरिकेच्या एफबीआयने २००५ मध्ये भरवलेल्या परिसंवादातून आलेली व्याख्या अशी की, एकाच गुन्हेगाराने किंवा गुन्हेगारांनी वेगवेगळ्या घटनांत दोन किंवा अधिक व्यक्तींची केलेली बेकायदेशीर हत्या. त्यातला ‘वेगवेगळ्या घटनांत’ हा भाग अधोरेखित करावा. दोन खुनांच्या मध्ये काळ जातो, आणि थरारकथेचे लेखक हाच काळ घाईने ओलांडतात. खरे तर शोकाची प्रकरणे तिथेच बसतात. खुनी थांबलेला असतो, तपास अडलेला असतो, आणि अधिकारी घरी परतलेली असते.

खुनी हुशार असल्यामुळे सापडत नाही, ही समजूतही बाजूला ठेवावी. अनेकदा तो सापडत नाही, कारण मृत्यू एकमेकांशी जोडलेलेच नसतात. वेगवेगळ्या हद्दी, वेगवेगळी दप्तरे, आणि काही वेळा खून झाला आहे याचीच जाणीव नसणे. इंग्लंडमधील हाइड येथील डॉक्टर हॅरल्ड शिपमन याला जानेवारी २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनांबद्दल दोषी ठरवण्यात आले. पुढच्या चौकशीने २००२ मधील अहवालात त्याच्या बळींची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष काढला. मार्च १९९८ मध्ये जवळच्याच दवाखान्यातील एका डॉक्टरने वाढत्या मृत्यूंबद्दल शंका नोंदवली होती, पण तो पहिला तपास पुराव्याअभावी थांबला. अखेर तो अडकला एका रुग्ण महिलेच्या बनावट मृत्युपत्रामुळे, आणि त्या मृत्युपत्रावर संशय घेतला तो तिच्या मुलीने, म्हणजे शोकात असलेल्या माणसाने. रुग्णांच्या नोंदी त्याने मागाहून बदलल्या होत्या, मात्र संगणकाने त्या बदलांची खरी वेळ जपून ठेवली होती. आपल्या उदाहरणातील परिचारकाला असाच एखादा निर्जीव साक्षीदार द्यावा. भेटींची नोंदवही चालेल, औषधांचा हिशेब चालेल. खुन्याच्या मनाचा अचूक नकाशा काढणारा तज्ज्ञ शेवटी येऊन सगळे उलगडतो, हा मार्ग मला दुबळा वाटतो. कारण मग अधिकाऱ्याच्या नजरेला, आणि म्हणून तिच्या शोकाला, काही कामच उरत नाही.

डोळ्यांवर पडणाऱ्या पडद्यासाठीही एक खरी हकिगत अभ्यासावी. उत्तर इंग्लंडमध्ये १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफ याने १३ स्त्रियांचे खून केले. पोलिसांनी त्या काळात त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. १९७९ मध्ये आलेल्या एका ध्वनिफितीतील आवाज खुन्याचाच आहे असे तपासाच्या प्रमुखांना पटले, आणि त्या आवाजाची विशिष्ट बोली नसलेले संशयित बाजूला पडू लागले. ती फीत बनावट होती. सटक्लिफ जानेवारी १९८१ मध्ये शेफील्डला गाडीवरच्या खोट्या क्रमांकामुळे सापडला. ज्या गोष्टीवर माणसाने विश्वास ठेवून वेळ, प्रतिष्ठा आणि मन गुंतवले ती सोडणे किती अवघड असते, हे इथे दिसते. आपल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत ती ध्वनिफीत म्हणजे परिचारकाचे ते एक वाक्य.

मृतांच्या नातलगांची भेट हे या प्रकारच्या कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण असते असे मी मानतो, आणि त्यावर इतर कुठल्याही प्रकरणापेक्षा अधिक वेळ द्यावा. मृत्यूची बातमी देण्याची चांगली रीत अशी की, ती समोरासमोर जाऊन, बसून, सरळ शब्दांत द्यावी. ‘ते आता आपल्यात नाहीत’ यासारख्या वळणाच्या वाक्यांनी ऐकणाऱ्याचा गोंधळ वाढतो. आपली अधिकारी ही रीत पूर्वीही पाळत होती, परंतु आता ती स्वतः ते ऐकलेली आहे. सहकाऱ्याने वळण घेऊन सुरुवात केली की ती मध्येच ‘तुमच्या वडिलांचा मृत्यू झाला आहे’ असे म्हणते आणि मग गप्प राहते. त्या शांततेची लांबी लेखकाने मोजूनमापून ठरवावी. नंतर मुलगी विचारते, ‘त्यांना त्रास झाला का?’ हाच प्रश्न अधिकाऱ्याने आठ महिन्यांपूर्वी परिचारकाला विचारला होता. तिला उत्तर ठाऊक नाही आणि खोटे बोलायचे नाही. ‘मला अजून माहीत नाही, कळले की मी स्वतः येऊन सांगेन,’ असे ती म्हणते, आणि ते म्हणत असतानाच तिच्या लक्षात येते की, तिला मिळालेले उत्तर फारच चटकन मिळाले होते. कथानकाची खरी कलाटणी इथे आहे. ती प्रयोगशाळेच्या अहवालातून आणली तर वाया जाईल.

मी स्वतः अशा प्रसंगाचे पहिले खर्डे लिहिताना नातलगांना फक्त माहिती पुरवणारे पात्र करून ठेवत असे. मृत कुठे जात होता, कोणाशी भांडला होता, एवढे सांगून ते निघून जात. नंतर प्रत्येक मृत व्यक्तीसाठी, ती जिवंत असतानाचा खुनाशी काडीचाही संबंध नसलेला एक प्रसंग नातलगाच्या तोंडी घालायचा नियम केला, आणि प्रेतांचे आकडे होणे तेव्हापासून थांबले. हा नियम कोणत्याही लेखकाने निःशंकपणे उचलावा.

यानंतर नियमांचा प्रश्न येतो. ज्या प्रकरणात अधिकाऱ्याचा वैयक्तिक संबंध आहे त्या प्रकरणाचा तपास त्याच्याकडे ठेवला जात नाही, आणि ठेवला तर पुरावा न्यायालयात टिकणे अवघड होते. थरारकथा हा नियम सर्रास मोडतात. तो पाळून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. परिचारकावर शंका येताक्षणी पतीच्या मृत्यूचाही प्रश्न उभा राहतो, आणि त्याच क्षणी तिला बाजूला व्हावे लागते. तिने अंधाऱ्या घरात एकटीने शस्त्र घेऊन शिरण्याऐवजी दिव्याखाली बसून स्वतःच्या पतीविषयी जबाब द्यावा, कनिष्ठ सहकाऱ्याने तिला अवघडलेले प्रश्न विचारावेत आणि तिने फाइल त्याच्या हाती द्यावी. ज्या कामाने तिला आठ महिने उभे ठेवले तेच काम ती सोडते, एवढा ताण पाठलागात नसतो.

प्रत्यक्ष लेखनाच्या तयारीसाठी दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी मांडाव्यात. एकीत खुन्याच्या कृती, प्रेत सापडण्याचे दिवस, अहवाल आणि साक्षी. दुसरीत शोकाचे दिवस, म्हणजे वाढदिवस, रुग्णालयाचे उशिरा आलेले बिल, कपाट रिकामे करण्याचा टाळलेला रविवार. मग दोन्हींतील तारखा एकमेकींवर कुठे आदळतात ते शोधावे आणि नसतील आदळत तर सरकवाव्यात. वैद्यकीय तपशिलात सैलपणा नको: मरणोत्तर ताठरता साधारणपणे काही तासांत सुरू होते, सुमारे बारा तासांत पूर्ण होते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत उतरते, पण तापमान आणि देहस्थिती यांनुसार ती बदलते, म्हणून मृत्यूची मिनिटापर्यंतची वेळ सांगणारा वैद्यक लिहू नये. निवेदन तृतीयपुरुषी, परंतु तिच्या नजरेला चिकटलेले ठेवावे. खुन्याच्या मनातली स्वतंत्र प्रकरणे घालू नयेत. ती घातली की वाचकाला तिच्यापेक्षा अधिक दिसते, पण तिच्या आंधळेपणाचे कारण कळत नाही.

शेवटच्या प्रकरणात पतीचाही खून झाला होता का, याचे ठाम उत्तर देण्याचा मोह होईल. तपासायला देह उरलेला नाही, परिचारक बोलत नाही, आणि नोंदवहीत त्या दिवसापुढे फक्त येण्याची आणि जाण्याची वेळ आहे. ती दोन्ही वेळा वाचते, मधले मोजते, आणि त्या वृद्धाच्या मुलीला दिलेल्या शब्दाप्रमाणे तिच्या दाराशी जाऊन उभी राहते. तिने तिथे काय सांगावे, हे वाक्य सगळी कादंबरी लिहून झाल्यावर, पहिले प्रकरण पुन्हा वाचून मगच लिहावे.