सुरीचा कोन मोजायला बसण्याआधी

शिंप्याचा मापाचा टेप आधी शोधून ठेवा, कारण ऐन वेळी तोच सापडत नाही. सुरीची धार समोर धरून तिच्यावर लेझरचा किरण सोडला, की दोन्ही उतारांवरून तो उताराच्या दुप्पट कोनात वळतो आणि मागे डावी-उजवीकडे दोन लाल ठिपके पडतात. म्हणून फळीवर २८.६५ सेंटीमीटर त्रिज्येचा कंस आखा, त्यावर कार्डशीटची ७० सेंटीमीटर लांब पट्टी उभी करा आणि आतल्या अंगाने टेप चिकटवा. या त्रिज्येवर अर्धा सेंटीमीटर म्हणजे एक अंश. किरण दुप्पट वळतो, त्यामुळे दोन ठिपक्यांत जितके सेंटीमीटर, तितक्या अंशांची धार. ३० आले तर दोन्ही बाजू मिळून ३०.

सुरी कंसाच्या केंद्रावर, म्हणजे जिथून त्रिज्या मोजली तिथे, उभी राहायला हवी. हातात धरून बघू नका. मी धरली होती, ठिपके भिंतभर नाचले. गणपतीतली उरलेली शाडू लिंबाएवढी मळून टोक तिच्यात रोवा (पातं कार्बन स्टीलचं असेल तर नंतर लगेच पुसा, गंज धरतो). सुरी किंचित वाकडी बसली तर एक ठिपका जवळ येतो, दुसरा तेवढाच लांब जातो. बेरीज बदलत नाही, म्हणून एकाच बाजूचं माप घेऊन निष्कर्ष काढू नका. पोटाकडची (टोकाजवळच्या गोलाईची) धार मोजताना मात्र सुरी इतकी कलती करा, की तेवढी धार उभी येईल.

लेझर १ मिलिवॉटच्या आतला, क्लास २ चाच घ्या आणि टेकूवर पक्का बसवा. टेबलावरची स्टीलची भांडी उचला, पोरांना ठिपक्यांच्या बाजूला बसू देऊ नका. दिवा मंद करा.

पात्यावरचं तेल, धारेच्या दगडाचा चिखल पुसून घ्या आणि बर (घासताना धारेच्या कडेला वळलेली धातूची बारीक कोर) राहिली असेल तर काढा, नाहीतर ठिपक्याऐवजी धूसर डाग दिसतो. ठिपका आडवा पसरट असेल तर उतार सपाट नाही, फुगीर आहे. बाहेरच्या बाजूला दुसरा फिकट ठिपका दिसला, तर टोकाशी जास्त कोनाची बारीक दुसरी धार आहे. ती बाजारातून आली की तुमच्याच हाताने झाली, हे आठवून वहीत लिहा.