पुण्यात भिंती रंगवून पोट भरायचंय? आधी कट्ट्यावर बसायला शिका

म्युरल आर्टिस्ट व्हायचंय, कुठून सुरू करू असं विचारणारे बहुतेक जण स्प्रे कॅन कुठले आणि इन्स्टावर फॉलोअर्स किती लागतात तेच विचारतात. पण वस्तीतल्या लोकांमधून निघालेलं काम करायचं असेल ना, तर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रंगाचा डबा उघडायचाच नाही.

आधी भाग निवडा, तोही एखाद्या गल्लीएवढा. 'पुण्याची संस्कृती' हा विषय घेतलात की शनिवारवाडा आणि ढोल-ताशा काढून मोकळे व्हाल. त्यापेक्षा कसब्यातली तांबट आळी घ्या, तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची गल्ली. तिथे जाऊन "भिंतीवर काय काढू?" विचारलंत तर उत्तर ठरलेलं, महाराज नाहीतर गणपती, फारच झालं तर मोर. लोकांचं काही चुकत नाही, प्रश्नच तसा आहे. "काका, ही हातोडी जरा दाखवता का?", "या भिंतीला आधी काय होतं?" असं विचारा आणि मग गप्प बसा (हे पुणेकराला जरा जडच जातं, पण जमवा).

मठारकाम, म्हणजे भांडं हातोडीने ठोकून घडवायचं काम, नीट बघा. तांब्याच्या भांड्यावर ठोके एकाला एक चिकटून गोल रांगेत पडत जातात, प्रत्येक ठोक्याची बारीक खळी पडते आणि प्रत्येक खळीवर उजेड वेगळा चमकतो. हे नुसतं शोभेसाठी नसतं, ठोक्यांनी पत्रा कडक होतो. आता हीच रांग भिंतीवर नारिंगी-तपकिरी गोल टिकल्यांनी काढायची म्हटलं तर आळीतल्या शाळकरी पोरालाही पाच मिनिटांत शिकवता येते, म्हणजे डिझाइन तिथलंच आणि रंगवणारे हातही तिथलेच. माझ्या मते कम्युनिटी आर्टची खरी परीक्षा हीच, लोकांना फक्त रिबन कापायला बोलवलं तर ते कम्युनिटी वगैरे काही नाही. लॉस एंजेलिसमध्ये ज्युडी बाका या चित्रकर्तीने १९७६ साली सुरू केलेली 'ग्रेट वॉल' ही रंगवलेली भिंत जवळजवळ अर्धा मैल लांब आहे आणि ती ४०० हून जास्त तरुण पोरापोरींनी मिळून रंगवली. लांब कशाला, आपल्या कसब्यातही पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टने जुन्या भिंतींवर काम केलंय, एकदा पायी फिरून बघा.

परवानगी लेखीच घ्या. 'मालक ओळखीचे आहेत' हे चालत नाही, मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा १९९५ चा राज्याचा कायदा आहे. खाजगी भिंत असेल तर मालकाचं किंवा सोसायटीचं पत्र, महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज आणि चार चकरा धरूनच चाला.

भिंतीचं काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात मुरलेलं पाणी तोवर सुकलेलं असतं. तरी शंका असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवून ठेवा, सकाळी आतून घाम आलेला दिसला तर ओल आहे, थांबा. पोपडे खरवडायचे, पुट्टी, एक्स्टिरियर प्रायमर आणि मग बाहेरच्या भिंतीचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन. आतल्या भिंतीचा स्वस्त डिस्टेंपर वापरलात तर पुढच्या पावसात रंग फुटपाथवर दिसेल.

आता पैसे. रेट स्क्वेअर फुटावर सांगा, पण मटेरियल आणि परांची वेगळी लावा, आणि कट्ट्यावर घालवलेले आठवडेही कोटेशनमध्ये लिहा कारण तेही कामच आहे. ज्या तांबटाने आपला धंद्याचा वेळ तुम्हाला दिला त्याचं मानधनही त्यातच धरा. निम्मे पैसे आधी, 'एक्स्पोजर मिळेल' म्हणणाऱ्याला हसून नमस्कार.

शेवटचं म्हणजे करार. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्युरल १९७९ मध्ये काढून टाकलं होतं, त्यावर २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ वरून (काम विकलं तरी कलाकाराचा त्यावर हक्क राहतो ते कलम) त्यांच्या बाजूने निकाल दिला, म्युरलचे अवशेष परत आणि ५ लाख भरपाई. तुम्हाला इतकी वर्षं कोर्टात काढायची नसतील तर भिंत किती वर्षं ठेवणार, डागडुजी कोण करणार, पुसण्याआधी किती दिवस कळवणार, फोटो कोण वापरणार हे सही-शिक्क्यासकट कागदावर घ्या, कारण कमिटी बदलते आणि नव्या चेअरमनला भिंत क्रीम कलरचीच आवडते.