गादीवाफ्याला आतून काय लावावं

आमच्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगून चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. पालेभाज्यांची मुळं पावसाळ्यात तिच्यात कुजतात. म्हणून इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या अंगणात मी फळ्यांच्या चौकटीचे गादीवाफे करते, आणि आसपासच्या बायकाही विचारायला येतात: ओल्या मातीने फळी सडू नये म्हणून आतून काय लावू?

आधी अस्तर लागतंय का ते बघा. वाफा विटांचा असेल तर काही लावू नका. सागवानी फळी अस्तराशिवायही बरीच वर्षं टिकते. अस्तर लागतं ते चीड किंवा पॅकिंगच्या लाकडाला. पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, ‘एचटी’ (HT) असा शिक्का असेल तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं, ते खुशाल घ्या. ‘एमबी’ (MB) असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते नको. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरना क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं डांबरी तेल, पाजलेलं असतं आणि हिरवट झाक असलेल्या काही फळ्यांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं. असलं लाकूड अस्तराआड झाकून वापरू नये, भाजीच्या वाफ्याला ते घ्यायचंच नाही.

आता अस्तर. आमचे भाऊजी दरवर्षी गणपती झाले की मंडळाचे फ्लेक्स गुंडाळून आणतात. “वहिनी, फुकटात आहे, मजबूत आहे, लावून टाका.” मी ते मोटरसायकलवर झाकायला देते, वाफ्यात कधीच नाही. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात बहुधा थॅलेट मिसळतात आणि ते हळूहळू बाहेर झिरपतं. पीव्हीसी टिकवायला शिसं आणि कॅडमियमचे क्षार घालायची जुनी पद्धत, वर छपाईची शाई. ज्या मातीतली कोथिंबीर मी नातवाच्या वरणावर चिरून घालते, त्या मातीला हे लागलेलं मला चालत नाही.

कोणतं प्लास्टिक आहे कळत नसेल तर नाण्याएवढा तुकडा कापा आणि बादलीभर पाण्यात बोटाने पूर्ण बुडवा. चिकटलेले बुडबुडे निघावेत म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाका. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, बोट काढलं की वर येतं. पीव्हीसी तळाशी बसतं. तळाशी बसलं ते बाजूला ठेवा. जाळून बघायच्या भानगडीत पडू नका, पीव्हीसीचा धूर फार वाईट.

तरंगलं म्हणजे लगेच पास, असंही नाही. त्यात आधी काय भरलं होतं ते विचारा. तांदळाची किंवा साखरेची गोणी चालेल. कीटकनाशकाची, रंगाची नको, कितीही धुतली तरी नको. शिवाय ही विणलेली पांढरी गोणी उन्हात टिकत नाही. मे महिन्यात तिला हात लावला की भुगा होतो, आणि मग मुळा उपटताना मुळांत गुंतलेले पांढरे धागे निघतात. ते वेचून संपत नाहीत.

विकत घ्यायचं असेल तर सियागंजाकडच्या दुकानांत ‘एचडीपीई’ (घट्ट जातीचं पॉलिथिन) किंवा न विणलेलं पॉलिप्रोपिलीनचं जिओटेक्स्टाईल, म्हणजे मातीत वापरायचं कापड, मागा. प्लास्टिकवर त्रिकोणात 2, 4 किंवा 5 आकडा असेल तर घ्या, 3 असेल तर परत ठेवा. माझी पसंती जिओटेक्स्टाईलला, साधारण 200 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं. नमद्यासारखं दिसतं, माती अडवतं आणि पाणी सोडतं. काळ्या रंगाचं घ्या, उन्हात जास्त टिकतं.

लावायचं फक्त चारी बाजूंना. तळ उघडा ठेवा, नाहीतर आपल्या पावसात वाफ्याचा हौद होईल. हरळी खालून वर येते म्हणून तळाला साधा तपकिरी पुठ्ठा अंथरा. चकचकीत छपाईचा नको, चिकटपट्ट्या काढलेल्या हव्यात. तो कुजेपर्यंत हरळी दबून राहते. अस्तर वरच्या कडेला चपट्या डोक्याच्या खिळ्यांनी ठोका आणि त्यावर लाकडी पट्टी मारा, म्हणजे कडेला ऊन लागणार नाही. खालच्या टोकाला ठोकू नका, माती भरली की ते आपोआप फळीला दाबून बसतं.

गच्चीवर वाफा करणाऱ्यांनी आधी वजनाचा विचार करा. एक मीटर लांब-रुंद आणि तीस सेंटीमीटर खोल वाफ्यात ओली माती पाचशे किलोच्या आसपास जाते, तेव्हा इंजिनियरला विचारल्याशिवाय नको. तिथे तळही लागतो: तळाला जाड एचडीपीई, पाणी जायला भोकं, आणि खाली विटा, म्हणजे स्लॅबला हवा लागते.

हे सगळं जूनच्या आधी उरका. पहिला जोराचा पाऊस झाला की तासाभराने वाफ्यात काठी खुपसून बघा. भोकात पाणी साचलेलं दिसलं तर कुठेतरी वाट अडलीय. पेरणीआधीच त्या बाजूची माती काढून अस्तराचं खालचं टोक मोकळं करा.