निधीफेरीत पावसाने अडवलं तर

संस्थेसाठी निधी गोळा करत जुलैत मुंबई–गोवा महामार्गाने मोटारसायकलवर निघणार असाल, तर चिपळूणला मुक्कामाचा एक दिवस हाताशी ठेवा. परशुराम घाटात दरड आली की वाहतूक थांबते, हट्टाने काही होत नाही. खोली वरच्या मजल्यावरची आणि गाडीला उंचावरची जागा मागा. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुराचं पाणी थेट बाजारपेठेत शिरलं होतं.

सकाळी चहाच्याही आधी बुटांकडे बघा. आतले सोल काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदलत राहा. कोकणातल्या दमट हवेत नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवलीत, तर दुसऱ्या दिवशी ओलेच बूट चढवाल. मग चेन. रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने चिखल काढा (पेट्रोल नको, चेनमधल्या रबरी कड्या म्हणजे ओ-रिंग खराब होतात), फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच आतल्या बाजूने ल्यूब, म्हणजे चेनचं वंगण, मारा. रात्रभर मुरू द्या. ब्रेक पॅडही बघून घ्या, चिखलवाळूने ते भराभर झिजतात.

दुपारी हिशेब. रोख, यूपीआय वेगळं लिहा, पावत्यांचे फोटो काढा. २००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर देणगीदाराला आयकरात वजावट मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम थेट संस्थेच्या खात्यावरच घ्या.

संध्याकाळी एसटी स्थानकात चक्कर मारा. घाट सुरू आहे का, हे वाहतूक नियंत्रकाला मोबाइलवरच्या नकाशापेक्षा बहुधा आधी कळतं.